ऑपरेशनला पाच लाख, आणि रोजच्या गोळीला काहीच नाही?

डॉक्टर लोकांना सरकारी विमा नको असतो असं सरसकट बोललं जातं. मी डॉक्टर आहे, धुळे जिल्ह्यात तालुक्याच्या गावी जनरल प्रॅक्टिस करतो, आणि मला तो हवाय. अर्धवट नाही, पूर्ण हवाय. प्रत्येक माणसाला, कार्ड कुठल्या रंगाचं ते न विचारता, आणि अ‍ॅडमिट व्हायच्या आधीपासून. पोस्ट मोठी होणार आहे पण वाचा.

माझ्या ओपीडीत रोजचं काय चालतं ते सांगतो. पेशंट पन्नाशीचा, कोरडवाहू चार एकर, बीपी 180/110. गोळ्या लिहून दिल्या, ईसीजी आणि किडनीसाठी क्रिएटिनिनची तपासणी करून घ्या म्हटलं की तो आधी बायकोकडे बघतो आणि मग म्हणतो, "डाक्टर, आते दहा दिनन्या गोया द्या, कापूस इकाई जाऊ द्या, मंग बाकीनं दखू." दहा दिवसात डोकं दुखायचं थांबतं, त्याला वाटतं आपण बरे झालो, गोळ्या बंद. मग एखाद्या रात्री तोंड वाकडं झालं, हात उचलत नाही म्हणून पिकअपमध्ये टाकून आणतात आणि मी तसंच पुढे धुळ्याला पाठवतो. तिथं सरकारच्या महात्मा फुले योजनेचं कार्ड चालतं. म्हणजे बघा, महिन्याला 500-700 रुपयांच्या बीपी-शुगरच्या गोळ्या खिशातून परवडल्या नाहीत म्हणून सुटल्या, आणि त्यापायी झालेल्या लकव्याचा कितीतरी पट खर्च आता सरकार करतंय, आणि घरातला कमावता माणूस तर खाटेला खिळला तो खिळलाच.

पीएचसीत, म्हणजे सरकारी प्राथमिक आरोग्य केंद्रात, गोळ्या फुकट मिळतात की, असं कोणी म्हणेल. मिळतात, आणि ज्यांना जमतं त्यांना मी स्वतः तिकडे पाठवतो. पण कधी साठा संपलेला असतो, पुढच्या आठवड्यात या म्हणतात, आणि वेचणीच्या दिवसात एक खाडा पडला की त्या दिवसाची मजुरी गेली.

योजनेला नावं ठेवायची नाहीयेत मला. 2012 ला राजीव गांधी जीवनदायी सुरू झाली तेव्हा पहिल्या आठ जिल्ह्यांत आपला धुळे होता. पुढे तीच महात्मा फुले जन आरोग्य योजना झाली, 2018 ला आयुष्मान भारत आलं, आता 5 लाखांपर्यंत कव्हर आहे आणि पांढऱ्या कार्डवाल्यांनाही आहे. बायपास, डायलिसिस, कॅन्सर यापायी ज्यांची जमीन गेली असती त्यांची वाचली, हे मी डोळ्यांनी बघितलंय. पण ही योजना हॉस्पिटलच्या खाटेपासून सुरू होते, ओपीडी आणि रोजचं औषध बाहेरच, आणि घराघरातून जाणाऱ्या पैशातला मोठा वाटा तर नेमका तिथंच जातो. सरकारच्याच राष्ट्रीय आरोग्य लेख्यांनुसार 2021-22 मध्ये एकूण आरोग्यखर्चातला 39.4 टक्के लोकांनी खिशातून केला. 2013-14 ला तो 64.2 होता, खूप कमी झालाय हे मान्यच, पण अजूनही शंभरातले चाळीसेक रुपये म्हणजे गरिबाने उपचार घ्यायचा की नाही हे त्याच्या खिशावरच ठरतंय.

ही मागणी नवीन नाही. पैसे नाहीत म्हणून कोणी उपचाराविना राहू नये, हे इंग्रज सरकारने नेमलेल्या भोर समितीने 1946 लाच लिहून ठेवलंय. 2011 ला डॉ. श्रीनाथ रेड्डींच्या समितीने नियोजन आयोगाला सांगितलं की खर्च मुख्यतः करातून करा, पेशंटकडून फी घेऊ नका, आवश्यक औषधं फुकट द्या आणि मध्ये विमा कंपन्या घालू नका. आपल्या महाराष्ट्रात डॉ. अनंत फडके, डॉ. अभय शुक्ला ही जनआरोग्य चळवळीतली मंडळी वर्षानुवर्षं सर्वांसाठी आरोग्यसेवा हेच मांडतायत.

आणि अमेरिकेत, जिथं सगळं खासगी विम्यावर चालतं असं आपण ऐकतो, तिथल्याच डॉक्टरांनी 1987 ला फिजिशियन्स फॉर अ नॅशनल हेल्थ प्रोग्रॅम नावाची संघटना काढली आणि 1989 ला न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिनमध्ये आराखडा छापला. त्यांचं म्हणणं असं की ढीगभर विमा कंपन्या, प्रत्येकीचे फॉर्म वेगळे, नियम वेगळे, यात जो पैसा आणि डॉक्टरचा वेळ जातो तो वाचवून एकच सरकारी विमा केला तर सगळ्यांना कव्हर करता येतं, शिवाय औषधांच्या किमतीवर घासाघीस करायची ताकद येते. आपल्याकडे मेडिक्लेम वाढतोय तसं हेच दिसायला लागलंय, आधीचा आजार लपवला म्हणून क्लेम नाकारला, शुगर आहे म्हणून प्रीमियम वाढवला. ज्याला सगळ्यात जास्त गरज त्यालाच सगळ्यात महाग, हा कसला विमा?

जळगाव जिल्ह्यातल्या रावेर-यावलच्या केळीवाल्यांना हे समजावून सांगायला नको. फळपीक विम्यात शेतकरी त्याचा हिस्सा भरतो आणि बाकीचा हप्ता केंद्र आणि राज्य मिळून भरतं, कारण वादळ कोणाच्या बागेत शिरेल ते कोणाच्या हातात नसतं. मग केळीच्या बागेसाठी जे आपण सगळे मिळून करतो ते बागेत राबणाऱ्या माणसासाठी करायला काय हरकत आहे? आजारपण तरी कुठं कोणाला विचारून येतं?

आता माझ्या डॉक्टर मित्रांचा राग मला माहितीये. योजनेत प्रत्येक उपचाराला ठरवून दिलेले पॅकेजचे रेट परवडत नाहीत, बिलं महिनोन्महिने अडकतात, वरून क्वेरीवर क्वेरी. खरंय सगळं. छोट्या हॉस्पिटलवाल्याने स्टाफचे पगार कशातून करायचे? पण म्हणून योजनाच नको म्हणायचं का? कॅनडातल्या सस्कॅचवान प्रांतात 1962 ला असा विमा आला तेव्हा डॉक्टरांनी 23 दिवस संप केला होता. मग तडजोड झाली, डॉक्टर कामावर आले, आणि काही वर्षांत तीच पद्धत अख्ख्या देशाने घेतली.

म्हणून जळगाव, धुळे, नंदुरबारच्या डॉक्टरांना माझं सांगणं आहे की नुसता विरोध करण्यापेक्षा आपण आपल्या अटी लिहून मागू. रेट खऱ्या खर्चावर ठरवा, दरवर्षी वाढवा, बिल ठरलेल्या मुदतीत द्या आणि उशीर झाला तर व्याज द्या. आणि त्याच कागदावर ओपीडी, बीपी-शुगरच्या गोळ्या, धडगाव-अक्कलकुव्याच्या सिकलसेल या रक्ताच्या आनुवंशिक आजाराच्या पोरांची नियमित तपासणी आणि औषधं, हे सगळं कव्हरमध्ये घ्या असंही लिहू. सही करायला मी तयार आहे, अजून कोण कोण आहे ते कमेंटमध्ये सांगा.