महेलिया जॅक्सनला मावश्या होत्या, आणि शेजारही होता

ईस्टर जवळ आला की आमच्या चर्चच्या मंडळीच्या ग्रुपवर एक मजकूर हटकून येतो. या वेळी तो एका वडीलधाऱ्या काकांनी टाकला आणि खाली लगेच चाळीसेक 'आमेन' जमा झाले. मजकूर थोडक्यात असा :

'१९१२ साली अमेरिकेच्या झोपडपट्टीत जन्मलेली एक अनाथ, पांगळी मुलगी. आई वारली, बापाने टाकून दिलं. प्रार्थनेने तिचे पाय बरे झाले. भक्तिगीतांखेरीज दुसरं गाणं तिने कानावर पडू दिलं नाही. कुणाकडे एक सूर शिकली नाही. सोळाव्या वर्षी शिकागोच्या चर्चमध्ये उभी राहून गायली आणि एका रात्रीत जगप्रसिद्ध झाली. जगाची गाणी गाण्यासाठी पैशांच्या राशी ओतल्या तरी ती हलली नाही. ती म्हणजे महेलिया जॅक्सन.'

काका, तुमच्या श्रद्धेबद्दल मला एक अक्षर बोलायचं नाही. पण ही साक्ष महेलियाची नाही. ही कुठल्याही संताला चिकटवता येईल अशी तयार गोष्ट आहे आणि तिच्यात बसवण्यासाठी त्या बाईच्या आयुष्यातली सगळी माणसं बाहेर काढली आहेत. ती परत आणण्यासाठी हा खटाटोप.

'१९१२ साली जन्मलेली...'

यात फॉरवर्ड लिहिणाऱ्याला मी दोष देणार नाही, कारण ही चूक महेलियाने स्वतः चाळिशीपर्यंत केली. मावश्या सांगायच्या १९१२, म्हणून तीही तेच धरून चालली. पुढे पहिला पासपोर्ट काढायची वेळ आली तेव्हा जन्मदाखला पाहिला, तर त्यावर १९११. तारीख २६ ऑक्टोबर, गाव न्यू ऑर्लिन्स. आपल्या आज्यांची जन्मसालं कशी 'प्लेगच्या वर्षी', 'मोठ्या पुराच्या आदल्या साली' अशी असायची, तसंच हे. आणि तिचं नावही महेलिया नव्हतं. मावशीच्या नावावरून ठेवलेलं 'महेला'. मधली वेलांटी तिने पुढे स्वतः घातली.

'अनाथ... बापाने टाकून दिलं...'

आई वारली हे खरं. चॅरिटी क्लार्क तिचं नाव. मुलगी जेमतेम पाच वर्षांची असताना ती गेली, तीही ऐन पंचविशीत. पण अनाथ? वडील जॉनी जॅक्सन दिवसा गोदीत हमाली करत, संध्याकाळी लोकांचे केस कापत आणि रविवारी प्रवचन करत. आईवडिलांचं लग्न झालेलं नव्हतं, ते एका घरात राहिले नाहीत, बापाने पोरीला आपल्या घरी नेलं नाही. हे सगळं कबूल. पण तो त्याच गावात होता आणि ती त्याच्या दुकानात जाऊन भेटत असे. आता याला 'टाकून देणं' म्हणायचं की त्या काळच्या गरीब वस्तीतला संसाराचा एक प्रकार म्हणायचं, हे ज्याचं त्याने ठरवावं. 'अनाथ' मात्र म्हणू नये.

कारण त्या घरात माणसांची वाण नव्हती, जागेची होती. एकामागे एक अशा तीन खोल्या, गळकं छप्पर आणि त्यात तेरा माणसं. आईच्या बहिणी आणि त्यांची पोरं. दोन्हीकडचे आजी-आजोबा गुलामगिरीत जन्मलेले. आई गेल्यावर महेला आणि तिच्या सावत्र भावाला ज्या मावशीने पदरात घेतलं तिचंही नाव महेलाच, पण सगळे तिला 'ड्यूक' म्हणत. बाई कडक, तापट, हात उचलणारी. मावशीचा पारा चढला की पोर पळून चर्चमध्ये जाऊन बसायची. चर्च तिला गाण्याच्या आधी लपायची जागा म्हणून माहीत झालं, हे मला त्या फॉरवर्डमधल्या सगळ्या चमत्कारांपेक्षा मोठं वाटतं.

घर चालायचं ते सगळ्यांच्या कष्टावर. पोरं फरशा घासत, झाडावरचं शेवाळ भरून गाद्या करत, वेताच्या खुर्च्या विणत. मिसिसिपीच्या बांधावर जाऊन मासे-खेकडे धरत. कुठली मावशी आजारी पडली की तिच्या कामावर महेला. शाळेचा आठवडा सलग असा कधी झालाच नाही आणि दहाव्या वर्षी ती सुटली ती सुटलीच. मग लोकांचे कपडे धुणं.

'पांगळी... प्रार्थनेने पाय बरे झाले...'

पांगळी नव्हती. जन्मतः पाय धनुकलीसारखे वाकडे होते, डोळ्यांनाही संसर्ग झालेला. डोळे लवकर बरे झाले. पायांना बेल मावशी तेलकट पाणी चोळायची, त्याने फारसा फरक पडला नाही. पोरं तिला 'माशाचा गळ' म्हणून चिडवत. प्रार्थना झाल्या असतीलच, बॅप्टिस्ट पंथाचं घर होतं. पण रोज बसून पाय चोळणाऱ्या बेल मावशीला गोष्टीतून काढून टाकण्याचं कारण काय?

'भक्तिगीतांखेरीज दुसरं गाणं कानावर पडू दिलं नाही...'

इथे मात्र मला थांबून बोलायला हवं, कारण अख्ख्या मजकुरात हे सगळ्यात चुकीचं वाक्य आहे आणि सगळ्यात जास्त आमेन याच वाक्याला असावेत.

ड्यूक मावशीचा नियम तसाच होता, हे खरं. शुक्रवारी संध्याकाळी घर जे मिटायचं ते सोमवारी सकाळी उघडायचं. जगाची गाणी घरात बंद. पण नियम मावशीचा होता आणि मावशी कामाला बाहेर जायची. घरात ग्रामोफोन होता. मावसभाऊ फ्रेड तिच्या धाकाला फारसा भीक घालत नसे, त्याने तबकड्या जमवल्या होत्या : बेसी स्मिथ, मेमी स्मिथ, मा रेनी. तिन्ही ब्लूज, म्हणजे काळ्या अमेरिकनांची सुखदुःखाची लौकिक गाणी, गाणाऱ्या. मावशीची पाठ वळली की महेला तबकडी लावायची आणि फरशी घासता घासता बेसी स्मिथच्या सुरात सूर मिसळायची. बेसी स्मिथची पहिली तबकडी निघाली १९२३ मध्ये, तेव्हा ही अकरा-बारा वर्षांची. आवाज फुटायचं, घडायचं नेमकं तेच वय. पुढे तिच्या भजनात जो खालच्या पट्टीतला, जड, शब्द ओढून नेणारा सूर ऐकू येतो, तो ज्याने बेसी स्मिथ ऐकली आहे त्याला ओळखीचा वाटतोच.

आणि घराची दारं मिटली तरी न्यू ऑर्लिन्सला दार कुठलं लावणार? शेजारच्या खिडक्यांतून ब्लूज बाहेर पडायचे. प्रेतयात्रा दफनभूमीकडे जाताना बँड संथ वाजवत जाई आणि मूठमाती देऊन परतताना तोच बँड उडत्या चालीत जॅझ धरी, मागून लोक नाचत येत. ते बघायला ती धावायची.

तरी तिला सगळ्यात जास्त ओढ होती ती शेजारच्या पेंटेकॉस्टल पंथाच्या छोट्या चर्चची. तिचं स्वतःचं चर्च बॅप्टिस्ट. तिथे बाराव्या वर्षी ती मुलांच्या क्वायरमध्ये, म्हणजे गायनवृंदात, आली, तिथल्या पाळकांच्या प्रवचनाचा रडवेला, गात सांगण्याचा सूर आपल्या काळजाला भिडायचा हे तिने पुढे सांगितलंच. पण शेजारी ना क्वायर होतं ना ऑर्गन. होते ते ड्रम, झांजा, खंजिरी आणि लोखंडी त्रिकोण. बाकी टाळ्या आणि पाय. अख्खी मंडळी अंगाने गायची. तो ठेका गुलामगिरीच्या दिवसांपासून चालत आलेला आहे, असं ती मानायची.

म्हणजे हिशेब असा : शब्द बॅप्टिस्टांचे, ठेका शेजाऱ्यांचा, आणि सुराचं वजन मावशीने बंदी घातलेल्या बाईचं. गॉस्पेल, म्हणजे काळ्या अमेरिकनांच्या चर्चमधलं भक्तिसंगीत, म्हणून आपण जे ऐकतो ते या भेसळीतून झालं. त्यात 'दुसरं काही कानावर पडू दिलं नाही' असं म्हणणं म्हणजे खीर चाखून दूध नाकारण्यासारखं.

'कुणाकडे एक सूर शिकली नाही...'

रीतसर शिक्षण फार नाही, हे खरं. शिकागोत आल्यावर तिने पैसे मोजून एका काळ्या संगीतशिक्षकाकडे, प्रोफेसर ड्युबॉइस यांच्याकडे, एक धडा घेतला. त्यांनी तिला सुनावलं की ही आरडाओरड बंद कर, असं गाणं आपल्या समाजाला शोभत नाही. ती परत गेली नाही. फॉरवर्डवाल्याला ही गोष्ट सापडली असती तर त्याने उड्या मारल्या असत्या.

पण शिकवणारे दुसरेही होते. ग्रेटर सेलम बॅप्टिस्ट चर्चमध्ये जॉन्सन भावंडांबरोबर तिने गट करून गायला सुरुवात केली. तो गॉस्पेलच्या अगदी पहिल्या गटांपैकी एक. आणि मग थॉमस डॉर्सी. हा माणूस पाळकाचा मुलगा, 'जॉर्जिया टॉम' नावाने ब्लूज वाजवायचा आणि मा रेनीच्या ताफ्यात पियानोवर होता. हो, तीच मा रेनी, मावशी नसताना घरात वाजणारी. १९३२ मध्ये त्याची बायको बाळंतपणात गेली, मागोमाग बाळही गेलं, आणि त्या दुःखातून त्याचं सगळ्यात प्रसिद्ध भक्तिगीत आलं. त्याला आपली गाणी लोकांसमोर गाऊन दाखवायला आवाज हवा होता, महेलियाला गाणी हवी होती. दोघं चर्च-चर्च हिंडत, ती गात असे आणि तो गाण्याचे छापील कागद दहा-दहा सेंटला विकत असे. श्वास कुठे घ्यायचा, संथ सुरू करून कसं चढवत न्यायचं, यावरून त्यांचे खटके उडत. ती त्याचं सगळं ऐकत नसे. पण न ऐकणारा शिष्य हाही शिष्यच असतो.

याच मुद्द्याला जोडून : चर्चने तिला डोक्यावर घेतलं, असा फॉरवर्डचा सूर आहे. शिकागोच्या मोठ्या, प्रतिष्ठित काळ्या चर्चमध्ये तिचं टाळ्या पिटणं, अंग हलवणं अनेकांना खटकलं. एका पाळकांनी तर ही देवनिंदा म्हटली. तिने तिथल्या तिथे उत्तर दिलं की आमच्याकडे दक्षिणेत असंच गातात. (स्तोत्र ४७ ची सुरुवातच टाळ्या वाजवण्याच्या आज्ञेने होते, हे मी माझ्या पदरचं सांगतो.) तिला आधी जागा दिली ती रस्त्याकडेच्या दुकानगाळ्यांत भरणाऱ्या गरिबांच्या चर्चनी. पेटी-तबला की ऑर्गन, हा वाद ज्यांनी आपल्या मंडळीत ऐकला आहे त्यांना या भांडणाची चव वेगळी सांगायला नको.

'सोळाव्या वर्षी... एका रात्रीत...'

ती रात्र वीस वर्षांची होती.

हॅना मावशी शिकागोला होती, तिच्यामुळे महेला तिकडे गेली. दक्षिणेतून लाखो काळी माणसं उत्तरेच्या शहरांकडे निघाली होती, त्या लोंढ्यातली ही एक. तिला व्हायचं होतं नर्स. झाली धोबीण, हॉटेलातली कामवाली, कारखान्यात खजूर भरणारी. मग महामंदी आली. १९३७ मध्ये डेक्का कंपनीने तिची चार गाणी ध्वनिमुद्रित केली, ती खपली नाहीत आणि पुढची नऊ वर्षं तिची एकही तबकडी निघाली नाही. त्या काळात तिने केशरचनेचं शिक्षण घेऊन स्वतःचं ब्यूटी पार्लर टाकलं. अपोलो कंपनीशी करार झाला १९४६ ला. 'मूव्ह ऑन अप अ लिटल हायर' हे मेम्फिसचे पाळक ब्रूस्टर यांचं गाणं बाजारात आलं १९४८ च्या सुरुवातीला. त्याने तिला अमेरिकाभर पोचवलं. तेव्हा ती छत्तीस वर्षांची होती.

'पैशांच्या राशी ओतल्या तरी ती हलली नाही...'

हे बरंचसं खरं आहे. डेक्काला तिच्याकडून ब्लूज हवे होते, तिने नकार दिला आणि करार संपला. पण 'हलली नाही' हे पूर्ण खरं नाही. पहिला नवरा आयझॅक हॉकनहल शिकलेला, रसायनशास्त्राचा पदवीधर, पण मंदीत बेकार आणि पुढे घोड्यांच्या शर्यतीचा नादी. तिने हा आवाज चर्चमध्ये वाया घालवू नये असं त्याला वाटे. घरात पैसा नव्हता. त्याच्या आग्रहाने ती एका संगीत नाटकाच्या निवडचाचणीला गेली, आणि निवडलीही गेली! तेवढ्यात नवऱ्याला काम मिळाल्याचं कळलं आणि तिने भूमिका सोडली.

त्याआधीची एक गोष्ट. आजोबा शिकागोला आले होते. हिने हट्टाने त्यांना फोटो काढायला पाठवलं आणि तिथेच ते कोसळले. तिने नवस बोलला : आजोबा उठू देत, मी पुन्हा नाटक-सिनेमाच्या थिएटरात पाऊल टाकणार नाही. आजोबा उठले. म्हणजे जिला त्याआधी थिएटरची आवड होती, जिला सोडताना काहीतरी सोडावं लागलं, तिचा तो नकार आहे. काका, ज्याला मोहच कधी झाला नाही त्याच्या नकाराची साक्ष कशी देणार?

जाता जाता एक विनंती. १९७१ मध्ये महेलिया भारतात आली होती. कोलकाता, दिल्ली, मद्रास आणि आपल्या मुंबईत गायली. दिल्लीत इंदिरा गांधी ऐकायला आल्या. पुढच्या जानेवारीत ती गेली. मुंबईच्या त्या कार्यक्रमाला तुमच्या घरातलं कुणी गेलं असेल, आई, आत्या, चर्चमधले कुणी आजोबा, तर त्यांना विचारून चार ओळी ग्रुपवर टाका. कुठे बसले होते, तिने हात कसे फिरवले, टाळ्या कुणी धरल्या, जे आठवत असेल ते. त्या चार ओळी मी दहा नाही, शंभर जणांना पाठवीन.