खाणीला विरोध करायला सरकार पैसे देतं म्हणे

आठवडाभर झाला, नाशिकमध्ये कॉलेज रोडपासून सातपूरपर्यंत सगळ्या ग्रुपांवर एकच मेसेज फिरतोय. ज्यांनी वाचला नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. कॅनडात म्हणे सरकार टॅक्स भरणाऱ्यांच्या पैशातून तिथल्या आदिवासींना खाणी अडवायला फंडिंग देतं, त्यामुळे प्रकल्प वर्षानुवर्षं लटकतात, आणि आता तेच खूळ काही लोकांना आपल्या पेठ-सुरगाण्याकडे आणायचंय. तज्ज्ञांचा रिपोर्ट असतोच, जनसुनावणी फुकट असते, मग पैसे कशाला? पुढाऱ्यांना खायला? आणि सिंहस्थाच्या रस्त्यांना खडी कुठून आणायची? शेवटी नेहमीचं, जागे व्हा, पुढे पाठवा.

मी इथल्याच एका पर्यावरण कन्सल्टन्सीत काही वर्षं काम केलंय. खाण मंजूर व्हायच्या आधी तिच्या परिणामांचा जो जाडजूड ईआयए रिपोर्ट लागतो ना, त्याच्यासाठी पाण्याचे नमुने भरणं, तक्ते भरणं, हे माझं काम. म्हणून म्हटलं एकेक मुद्दा घेऊ.

"विरोध करायला पैसे देतात"

साफ चुकीचं. कॅनडातला पार्टिसिपंट फंडिंगचा कार्यक्रम तिथल्या केंद्र सरकारची इम्पॅक्ट असेसमेंट एजन्सी चालवते, २०१९ च्या कायद्यात त्याची तरतूद आहे आणि आधीच्या कायद्यातही होती. पैसा मिळतो तो कंपनीचा रिपोर्ट तपासायला स्वतःचा तज्ज्ञ लावायला, सुनावणीला जायच्या प्रवासाला, जाणत्या म्हाताऱ्या माणसांकडून माहिती गोळा करायला. अर्ज करा, करार करा, हिशोब द्या, सगळं रीतसर. तुम्ही खाणीच्या बाजूने आहात की विरोधात, अशी अट कुठेच नाही.

आणि निकाल दोन्हीकडे लागलेत. कॅनडाच्या लॅब्राडोरमध्ये व्हॉइसीज बे नावाची निकेलची खाण आहे. तिच्या तपासणीची पद्धत कशी असावी याचा करार १९९७ मध्ये केंद्र सरकार, प्रांत सरकार आणि इनू व इनुइट हे तिथले दोन आदिवासी समाज अशा चौघांनी मिळून केला, १९९९ ला तपासणीच्या पॅनेलने अटी घालून खाण होऊ द्या म्हटलं, २००२ मध्ये दोन्ही समाजांनी कंपनीशी करार केले आणि २००५ ला उत्पादन सुरू झालं, आजही चालू आहे. तिथली एक गंमत सांगतो. हिवाळ्यात समुद्र गोठला की इनुइट लोक त्या बर्फावरूनच स्नोमोबाईलने शिकारीला जातात, आणि नेमका तोच बर्फ फोडत निकेलचं जहाज जाणार. म्हणजे त्यांचा रस्ताच मधोमध कापला जाणार! मग जहाज कधी चालवायचं नाही, आणि ते गेल्यावर लोकांनी ती चीर ओलांडायची कशी, हे बसून ठरवावं लागलं. हा विषय बर्फावरून जाणाऱ्या माणसानेच टेबलावर आणला तर येतो.

उलट ब्रिटिश कोलंबिया प्रांतातली प्रॉस्पेरिटी (दुसऱ्या वेळी नाव न्यू प्रॉस्पेरिटी) ही सोन्या-तांब्याची खाण २०१० आणि २०१४ अशी दोनदा केंद्राने नाकारली. पहिल्या प्लॅनमध्ये तर तिथल्या त्सिल्हकोटिन आदिवासींना पवित्र असलेलं तळंच आटवायचं होतं. दुसऱ्या प्लॅनमध्ये तळं ठेवलं, पण खाणीच्या गाळाच्या तलावातून कंपनी सांगते त्यापेक्षा जास्त पाणी झिरपेल असं खुद्द सरकारी खात्याच्या तज्ज्ञांनी सांगितलं.

हे एनजीओवाल्यांनी काल शोधलेलं फॅडही नाहीये. १९७४ मध्ये उत्तर कॅनडातल्या मॅकेन्झी खोऱ्यातल्या गॅस पाइपलाइनसाठी न्यायमूर्ती बर्गर यांचा आयोग नेमला, तेव्हाच आदिवासी संघटनांना स्वतःचे वकील आणि तज्ज्ञ लावायला सरकारने पैसे दिले होते. तिथे निकाल प्रकल्पाच्या विरुद्ध गेला हे खरंय, १९७७ मध्ये बर्गर यांनी दहा वर्षं थांबा म्हणून सांगितलं, कारण जमिनीचे दावे आधी मिटायला हवे होते.

बरं, विरोधाला फंडिंग लागतं हे नाशिककराने तरी म्हणू नये. मार्च २०१८ चा लाँग मार्च आठवतोय ना? सुरगाणा, पेठ, दिंडोरी, कळवणची माणसं वनहक्कासाठी इथून मुंबईपर्यंत चालत गेली, पायाला फोड आले तरी चालली, त्यांना कुठल्या एजन्सीने ग्रँट दिली होती? ओडिशात नियमगिरीला २०१३ मध्ये सुप्रीम कोर्टाच्या आदेशावरून १२ ग्रामसभा झाल्या आणि बाराच्या बारा ग्रामसभांनी बॉक्साइटच्या खाणीला नाही म्हटलं. नाही म्हणायला पैसा लागत नाही. शेकडो पानांचा इंग्रजी रिपोर्ट वाचून कितव्या पानावर काय चुकलंय हे दाखवायला लागतो.

"तज्ज्ञांचा रिपोर्ट असतोच की"

असतो. पण तो करणारा कन्सल्टंट कोण निवडतं? खाणवाला. फी कोण देतं? खाणवाला. बांधाच्या भांडणात शेजाऱ्याने त्याच्या पैशाने मोजणीदार आणायचा आणि तुम्ही फक्त नकाशावर सही करायची, तसं आहे हे. सगळे कन्सल्टंट चोर आहेत असं मी म्हणत नाहीये, चांगली मनापासून काम करणारी माणसं मी पाहिलीत, पण ज्याच्याकडून बिल निघायचंय त्याला नको असलेला निष्कर्ष कोणी ठळक अक्षरात लिहीत नाही, एवढं तर कोणालाही कळेल.

त्याहून मोठी भानगड वेळेची आहे आणि ती कोणी फारशी बोलत नाही. खाणीच्या ईआयएला साधारण एका सीझनचा डेटा चालतो आणि तो सीझन पावसाळा सोडून घ्यायचा असतो, म्हणजे हिवाळा, उन्हाळा किंवा पाऊस संपल्यानंतरचे महिने. आता विचार करा, त्र्यंबक, इगतपुरी, पेठ, सुरगाणा इथे वर्षाचा सगळा खेळ त्या चार महिन्यांचा, भात, नागली, वरई, रानभाज्या, ओहोळ, सगळं तेव्हाच. आम्ही जायचो उन्हात, ओढा कोरडा, मग तक्त्यात लिहायचं की परिसरात बारमाही प्रवाह नाही. खोटं काहीच नाही त्यात! फक्त पावसाळ्यात तोच ओढा खालच्या पाड्याची खाचरं भरतो आणि त्याच्या पात्रातल्या झिऱ्यावर बायका मार्च-एप्रिलपर्यंत हंडे भरतात, ते कुठल्याच रकान्यात बसत नाही.

आपला काळा पाषाण तसा भरीव, पाणी त्याच्या भेगांमधून आणि दोन थरांच्या मधल्या सांध्यातून चालतं. वर डोंगरावर सुरुंग लावले तर खालचा झरा आटेल, की दुसरीकडे फुटेल, की काहीच होणार नाही, हे त्या भेगा कुठून कुठे जातात त्यावर आहे. ते कळायला पूर्ण वर्षभर झरे मोजावे लागतात. कुठला झरा कुठल्या महिन्यात आटतो हे गावातल्या बाईला तोंडपाठ असतं, पण तिचं तोंडी सांगणं मंजुरी देणाऱ्या समितीपुढे चालत नाही, ते नकाशावर यायला लागतं, कोणीतरी भूशास्त्रवाला यायला लागतो, गावातली दोन पोरं रोज बुडवून त्याच्यासोबत फिरायला लागतात. फंडिंग फंडिंग म्हणतात ते हेच, त्या पोरांचा रोज आणि त्या माणसाची फी.

आणि न तपासलेल्या रिपोर्टचं काय होतं त्याचा नमुना आपल्याच राज्यात आहे. रत्नागिरी जिल्ह्यातल्या एका बॉक्साइट खाणीच्या ईआयएमध्ये रशियातल्या खाणीच्या रिपोर्टमधला मजकूर जसाच्या तसा निघाला होता, त्यात पक्षी कुठे राहतात तर म्हणे स्प्रूस आणि बर्चच्या जंगलात. कोकणात!

"जनसुनावणी फुकट असते, या आणि बोला"

ईआयएच्या २००६ च्या केंद्रीय अधिसूचनेप्रमाणे सुनावणीची ३० दिवस आधी नोटीस द्यायची, प्रदूषण मंडळाने ती घ्यायची, आणि मराठीत मिळतो तो फक्त सारांश. पूर्ण रिपोर्ट इंग्रजीत. हायड्रोजिऑलॉजीचं प्रकरण ३० दिवसांत इंग्रजीतून समजून घ्यायचं, तेही भात कापणीच्या दिवसांत तारीख आली तर विचारूच नका. शिवाय कोरम लागत नाही, पाच माणसं आली तरी सुनावणी झाली असं धरतात. प्रकल्पाच्या जागी किंवा अगदी जवळ घ्या असं नियमात लिहिलंय, पण सुरजागडच्या लोहखाणीच्या विस्ताराची २०२२ ची सुनावणी गडचिरोलीला जिल्हाधिकारी कार्यालयात झाली, आणि खाण एटापल्ली तालुक्यात, शंभरावर किलोमीटर लांब. एक रोज बुडवून, गाडीभाडं खिशातून घालून जायचं, तीन मिनिटं बोलायचं. हे फुकट कोणाला पडलं?

नाशिकला तर आणखी वेगळंच आहे. आपल्याकडे दगड, मुरूम, म्हणजे गौण खनिज. पाच हेक्टरच्या आतली, क्लस्टरमध्ये म्हणजे जवळजवळच्या खाणींच्या गटात न येणारी खाण असेल तर जनसुनावणी लागतच नाही, विषय संपला. तिथे उरतो तो पेसा कायदा. १९९६ च्या या कायद्याप्रमाणे अनुसूचित क्षेत्रात गौण खनिजाचा पट्टा द्यायच्या आधी ग्रामसभेची किंवा पंचायतीची शिफारस घ्यावीच लागते, म्हणजे हातात खरी ताकद आहे. पण ऐन सभेत कागद पुढे आला तर ठराव काय वाचून करायचा? आधी कोणी बघून सांगणारं असेल तर ग्रामसभा हो म्हणेल, नाही म्हणेल, किंवा सुरुंग फक्त दुपारी लावा आणि झऱ्यापासून इतकं अंतर सोडा अशी अट घालेल.

"पुढारी खातील"

खातीलही. ही शंका मला मान्य आहे, म्हणूनच पैसा थेट कंपनीकडून गावातल्या चार लोकांच्या हातात जायला माझा सक्त विरोध आहे, त्याने गावात फूट पडते आणि उद्या कंपनी म्हणायला मोकळी की आम्ही तर तुम्हाला दिले होते. पण ग्रामसभा पैसा सांभाळूच शकत नाही हे काय लॉजिक आहे? २०१५ पासून महाराष्ट्रात आदिवासी उपयोजनेचा ५ टक्के अबंध निधी, म्हणजे कशावर खर्चायचा ते गावाने ठरवायचा पैसा, पेसा गावांना थेट मिळतो. कुठे नीट खर्च झाला, कुठे घोळ झाला, जसं नगरपालिकांत होतं तसंच. घोळ होतो म्हणून नगरपालिकांचा निधी बंद करा असा मेसेज काही माझ्याकडे आला नाही अजून.

"प्रकल्प लटकतात, सिंहस्थाला खडी कुठून?"

कुंभाची कामं २०२७ डोक्यात ठेवून चाललीत, खडी लागणारच, कोण नाही म्हणतंय. प्रकल्प लटकतात ते बहुतेक वेळा भाव पडतात म्हणून, जमिनीचा वाद असतो म्हणून, नाहीतर आधी नीट न तपासल्यामुळे नंतर कोर्टात जातात म्हणून. एक पावसाळा थांबून झरे मोजले तर एक वर्ष जाईल, हो, जाईल. स्टे लागल्यावर किती जातात ते वकिलांना विचारा.

राहिला टॅक्सचा प्रश्न. टॅक्सच्या पैशाला हात लावायची गरजच नाही. २०१५ च्या दुरुस्तीपासून खाणवाल्याकडून रॉयल्टीच्या वर जिल्हा खनिज प्रतिष्ठानसाठी वेगळा पैसा कापला जातो, आपल्याकडे गौण खनिजावरही कापतात, ठेकेदारांना विचारा, डीएमएफ म्हटलं की लगेच कळेल त्यांना. हा पैसा खाणीची झळ बसलेल्या लोकांसाठीच आहे आणि आधीच्या खाणींमुळे जिल्ह्यात तो जमा होतच असतो. नवीन पट्ट्याच्या गावाला रिपोर्ट तपासायला त्यातून ठराविक रक्कम द्यायची, भूशास्त्रवाला गावाने निवडायचा, बिल जिल्ह्याने द्यायचं, आणि त्याचा रिपोर्ट मराठीत ग्रामसभेपुढे पूर्ण ठेवायचा. मेसेजवाल्यांना यात काय खटकतं ते त्यांनी कलम दाखवून सांगावं, मी इथेच आहे.