पॅक आणि ग्रिड एकाच प्रोग्राममध्ये चालतात: एक खुलासा

टीकिंटर ही पायथनमध्ये खिडक्या बनवायची लायब्ररी; पॅक आणि ग्रिड या तिच्यात बटणं, लेबलं वगैरे मांडायच्या दोन पद्धती. ‘पायथनच्या टीकिंटरमध्ये एकदा ग्रिड वापरलं की पॅक विसरा, दोन्ही एका प्रोग्राममध्ये चालत नाहीत’ असा सल्ला नवशिक्यांना सर्रास दिला जातो. तो अर्धवट आहे, आणि त्यापायी मुलं अख्खी खिडकी एकाच ग्रिडमध्ये कोंबत बसतात.

बंधन प्रोग्रामवर नाही, पॅरेंटवर आहे, म्हणजे विजेट्स (बटणं, लेबलं वगैरे) ज्यात बसतात त्या खिडकीवर किंवा फ्रेमवर (खिडकीतल्या चौकटीवर). एकाच खिडकीत किंवा एकाच फ्रेममध्ये थेट काही विजेट्स पॅकने आणि काही ग्रिडने लावली, तर एरर येते. कारण दोघेही त्या पॅरेंटचा आकार आपापल्या हिशेबाने ठरवू पाहतात. जुन्या आवृत्त्यांत तर या ओढाताणीत प्रोग्राम जागीच अडकायचा. फ्रेम वेगळी केली की प्रश्न मिटतो. मुख्य खिडकीत वरची टूलबारची फ्रेम आणि खालची फॉर्मची फ्रेम पॅकने लावा. फॉर्मच्या फ्रेममध्ये नाव, पत्ता, फोन यांची लेबलं कॉलम 0 मध्ये आणि एंट्री (मजकूर भरायचे रकाने) कॉलम 1 मध्ये ग्रिडने लावा. बिनधास्त चालतं.

‘ग्रिड खिडकीबरोबर ताणलं जात नाही’ हेही असंच पसरलेलं. ताणलं जातं, पण तसं सांगावं लागतं. कॉलमचं वेट, म्हणजे जादा जागेतला त्याचा वाटा, मुळात 0 असतं. फॉर्मच्या फ्रेमवर कॉलमकॉन्फिगर वापरून कॉलम 1 ला वेट 1 द्या आणि एंट्रीला स्टिकी ‘ईडब्ल्यू’, म्हणजे ती कप्प्याच्या डाव्या-उजव्या कडांना चिकटेल. नुसत्या स्टिकीने विजेट आपल्या कप्प्याएवढंच पसरतं, कप्पा वाढत नाही. आणि ती फ्रेम पॅक करताना फिल ‘एक्स’ (आडवं पसरणं) द्यायला विसरू नका, नाहीतर फ्रेमच रुंद होणार नाही.