पाटीवरचं दुसरं नाव

परवा शनिवारी क्लागेनफुर्टच्या बेनेडिक्टिनर बाजारात काझनुडल घ्यायला थांबले होते. आत चक्क्यासारखं ताजं चीज आणि पुदिना, कडेला आपल्या करंजीसारखी हाताने घातलेली मुरड. विकणाऱ्या आजी नातीशी हळू आवाजात बोलत होत्या. मी पुढे झाले आणि लगेच जर्मन सुरू झालं. मी विचारलं, "मघाशी स्लोव्हेन बोलत होतात ना?" त्या क्षणभर गप्प राहिल्या. मग म्हणाल्या, "हो. घरी आम्ही या शहराला त्सेलोवेत्स म्हणतो."

घरी! तो शब्द अजून डोक्यातून जात नाहीये.

मी शेजारच्या फिलाखला राहते. तिथून गाडी व्योर्थर सरोवराच्या काठाकाठाने इथे येते. ऑस्ट्रियातल्या कॅरिंथिया प्रांताची ही राजधानी, वस्ती लाखभर. पाहुणे आले की मी त्यांना तळं दाखवते, चौकातला ड्रॅगन दाखवते आणि प्रांताच्या जुन्या सभागृहात ठेवलेला एक दगडही आवर्जून दाखवते. रोमन खांबाचा उलटा ठेवलेला तुकडा आहे तो. मध्ययुगात त्यावर एक शेतकरी बसायचा, नवा ड्यूक साध्या शेतकरी वेशात त्याच्यासमोर यायचा आणि तो शेतकरी स्लोव्हेनमध्ये विचारायचा, "हा कोण येतोय?" आज तोच दगड शेजारच्या स्लोव्हेनियाच्या 2 सेंटच्या नाण्यावर आहे. म्हणजे ही भाषा इथे पाहुणी नाही.

10 ऑक्टोबर 1920 ला दक्षिण कॅरिंथियात सार्वमत झालं, ऑस्ट्रियात राहायचं की शेजारच्या नव्या युगोस्लाव राज्यात जायचं यावर. तिथे बहुसंख्य लोक स्लोव्हेन बोलणारे होते, तरी 59 टक्के मतं ऑस्ट्रियाला पडली. तुमची भाषा जपू, असा शब्द प्रांताच्या सभेने मतदानाआधी दिला होता. पुढे काय झालं? एप्रिल 1942 मध्ये नाझींनी हजारभर स्लोव्हेन माणसांना घरादारांतून उचलून हद्दपार केलं. युद्धानंतर ऑस्ट्रियाला पुन्हा स्वतंत्र करणाऱ्या 1955 च्या राज्य करारातल्या सातव्या कलमाने दुभाषी पाट्यांचा हक्क दिला. त्या पाट्या लागायला 1972 उजाडलं, आणि त्याच वर्षी जमावांनी त्या उखडून टाकल्या. मग आली टक्केवारी. दुभाषी पाटीसाठी निदान 25 टक्के लोक स्लोव्हेन हवेत, अशी अट 1976 च्या कायद्याने घातली. 2001 मध्ये घटना न्यायालयाने ती रद्द केली. (वेग मर्यादेच्या दंडाला एका स्लोव्हेन वकिलाने आव्हान दिलं होतं, गावाची पाटी फक्त जर्मनमध्ये आहे म्हणून!) शेवटी 2011 ला तडजोड झाली, 164 गावांना दोन नावं मिळाली.

ऑफिसातले लोक म्हणतात, मिटलंय ते उकरू नकोस. त्या 164 गावांत आज शांतता आहे हे खरं, आणि ज्यांनी ती तडजोड घडवली त्यांच्याबद्दल मला आदरच आहे. पण राजधानी त्या यादीत नाही. जिथे 1851 पासून स्लोव्हेन पुस्तकं छापणारी मोहोर्येवा संस्था उभी राहिली, जिथे 1957 पासून स्लोव्हेन माध्यमिक शाळा चालते, त्या शहराच्या वेशीवर एकच नाव!

आकडा भरत नाही, असं उत्तर मिळतं. 1910 च्या जनगणनेत या प्रांतात स्लोव्हेन बोलणारे साठ हजारांच्या वर होते, 2001 मध्ये बारा-तेरा हजार उरले. आधी लोकांना घालवायचं, बोलायची लाज वाटायला लावायची, आणि उरलेल्यांना म्हणायचं तुम्ही पुरेसे नाही. हा हिशोब मला कधीच मान्य होणार नाही. मी बेळगावची आहे, पाटीवरच्या नावाने काय होतं हे मला कुणी समजावून सांगायला नको.

पाटी तीच राहू दे, पांढरी, निळ्या काठाची. फक्त खाली तेवढ्याच मोठ्या अक्षरांत त्सेलोवेत्स लिहा. आजींची नात सहा-सात वर्षांची असेल, नुकतं वाचायला लागलेली. काझनुडलच्या डब्यांवरची नावं ती मला एकेक अक्षर लावून वाचून दाखवत होती.