चालतंय न्हवं?

तासगाव-सांगली पट्ट्यात द्राक्षाच्या पैशावर घर उभं राहिलं की पुढच्या पिढीला कोल्ड स्टोरेज टाकायची हुक्की येते. तुम्हालाही आली, तुम्ही टाकलंत, बरंच झालं. चार चेंबर आहेत, रस्त्याकडेच्या बोर्डावर बर्फाचा डोंगर आहे आणि डोंगरावर पेंग्विन उभा आहे. (पेंग्विन बेदाणा खात नाही, पण असू दे.) बँकेचा हप्ता सुरू झालाय, आणि नेमका आत्ताच ऑपरेटर एक यादी घेऊन दारात उभा आहे. बेल्ट, तेल, फिल्टर, कंडेन्सरची सफाई, सेफ्टी व्हॉल्व्हची तपासणी.

घाबरू नका. बावीस वर्षं मी या भागातल्या, अमोनिया गॅसने गारवा करणाऱ्या प्लांटवर पाने-पक्कड घेऊन फिरलोय. असली यादी आणणाऱ्याला मालक लोक कसं परतवतात ते मला तोंडपाठ आहे. आज फुकट सांगतो.

पहिली गोष्ट म्हणजे मुहूर्त. बेदाणा मार्चपासून यायला लागतो आणि एप्रिल-मेमध्ये चेंबर छतापर्यंत भरतात. तेव्हा ऑपरेटरला सांगायचं, "अरे, आत लोकांचा माल आहे, प्लांट कसा बंद करणार?" दिवाळीनंतर माल निघत जातो, चेंबर मोकळे पडतात. तेव्हा सांगायचं, "अरे, आत मालच नाही, भाडं नाही, खर्च कुठनं करू?" बारा महिन्यांत देखभालीला एकही दिवस उरत नाही, आणि दोन्ही वेळा तुमचं बोलणं शंभर टक्के खरं असतं.

एक दिवस मात्र सोडायचा नाही. खंडेनवमी. त्या दिवशी कॉम्प्रेसरला साबणाची आंघोळ घालावी आणि वरून पिवळा ऑइलपेंट मारावा. रंगारी हौशी असला तर फारच उत्तम, मग तो तेलाची पातळी दाखवणाऱ्या काचेवरूनही ब्रश फिरवतो. मी एका ठिकाणी ती काच चाकूने खरवडून काढली होती. पाच दसऱ्यांचे पाच थर निघाले आणि खाली तेल नव्हतं. पुढे हळदकुंकू, नारळ, झेंडूचा हार. हार घातलेल्या कॉम्प्रेसरचा फोटो काढून ग्रुपवर टाकावा. फक्त सुरू करताना हार काढायचा लक्षात ठेवा, फ्लायव्हीलला श्रद्धा नसते.

आता कंडेन्सर. गॅसने चेंबरमधून गोळा केलेली उष्णता बाहेर टाकायची जागा ती हीच. पाइपांवर पाणी पडत राहतं, पाणी बोअरचं, बोअरच्या पाण्यात क्षार. दोन उन्हाळ्यांत पाइपांवर पांढरा थर चढतो. एखाद्या जुन्या प्लांटवर मी इतका थर पाहिलाय की पाइप कुठला आणि चुना कुठला ते बोटाने कळेना. थरातून उष्णता जात नाही, म्हणून हेड, म्हणजे कॉम्प्रेसरने पुढे ढकललेल्या गॅसचा दाब, चढतं. गॅस पस्तीस अंशांला द्रव होत असेल तर गेजवर १८० पौंड दिसतात, चाळिसाला दोनशेच्या वर. आणि दर अंशामागे वीज साधारण दोन-तीन टक्के जादा खाल्ली जाते. ऑपरेटर धावत येईल.

"मालक, हेड दोनशेवीसला गेलंय."

"चालतंय न्हवं?"

"चालतंय, पण..."

"मग झालं की!"

हा तुमचा मूलमंत्र. बिल वाढलं तर सरकारला शिव्या द्या. क्षार काढायला लागला असता तो पैसा दर महिन्याला बिलातून थोडा थोडा जातो, एकदम जात नाही. खिशाला कळतच नाही, ही सोयच म्हणायची.

हेड चढायचं आणखी एक कारण असतं, सिस्टीममध्ये शिरलेली हवा. ती काढायचं काम मला स्वतःला फार आवडतं. पर्जच्या, म्हणजे हवा सोडायच्या, व्हॉल्व्हला नळी लावायची, तिचं टोक पाण्याच्या बादलीत सोडायचं आणि व्हॉल्व्ह जरासा उघडायचा. हवा असेल तर बुडबुडे गुडगुड करत वर येतात. हवा संपून अमोनिया आला की तो पाण्यातच विरतो, बुडबुडा वर पोचतच नाही, नुसता तडतड आवाज येतो, तव्यावर मोहरी टाकल्यासारखा. तो आवाज आला की व्हॉल्व्ह बंद. एका बादलीचा खर्च. तुम्ही मात्र करू देऊ नका. ऑपरेटरला एकदा का गेज खाली आणता येतं हे कळलं की तो पगारवाढ मागेल.

चेंबरच्या आत चला. कॉइलवर, म्हणजे गार गॅसच्या पाइपांवर, बर्फ दिसतोय? वा! हाच तर तुमच्या धंद्याचा दागिना. पाहुणे आले की दार उघडून दाखवायचं, "बघा केवढं थंड!" पाहुणे सेल्फी काढतात. आता बर्फ ही रजई आहे, तिच्यामुळे पंख्याची हवा कॉइलपर्यंत पोचत नाही, कॉइल आत गारठते आणि बेदाणा बाहेर तापतो, असलं काही ऑपरेटर बडबडेल. डिफ्रॉस्टला, म्हणजे बर्फ वितळवायला, वेळ लागतो, पाणी निघतं, ड्रेनचा पाइप तुंबलेला असतो, म्हणजे तो साफ करणं आलं. एका कामातून दुसरं निघतं. त्यापेक्षा बर्फ वाढू द्या.

बर्फ येतो कुठनं म्हणाल, तर दारातनं. मेच्या चाळीस अंशांतली हवा आत शिरते आणि तिचं बाष्प कॉइलवर जाऊन बसतं. दाराला प्लास्टिकच्या पट्ट्यांचा पडदा म्हणूनच असतो, पण पंधरा किलोचा बॉक्स खांद्यावर घेतलेल्या हमालाच्या तोंडावर ती पट्टी फडकन बसते, मग तो त्या सगळ्या पट्ट्या सुतळीने बांधून वर टांगतो. गाडी भरेपर्यंत तासभर दार सताड उघडं. हमालांना ओरडू नका, त्यांची चूक नाही. फाटक्या पट्ट्या आणि वाळून कडक झालेलं रबर बदला असं मी म्हणालो असतो, पण आज तसलं बोलायचं नाही असं ठरलंय. दाराच्या आतल्या बाजूचं हँडल आणि धोक्याची घंटा दोन्ही चालतात का हे मात्र विचारू नका. विचारलं तर उत्तर मिळेल.

तापमानाचं काय? चार अंश दाखवायला हवं. काटा सहा-सात दाखवत असेल तर सेन्सर उचलून कॉइलच्या पंख्यासमोर टांगावा, तिथे हटकून चार भरतं. बर्फाचा चुरा आणि पाणी ग्लासात कालवून त्यात सेन्सर बुडवला तर शून्य दाखवायला हवा, ही तपासणी दुसरीतलं पोर करील. म्हणून पोरांना प्लांटवर फिरकू देऊ नये.

तेलाकडे येऊ. कॉम्प्रेसरचं तेल थोडं थोडं गॅसबरोबर पुढे जातं. अमोनियात ते विरघळत नाही, जड असल्यानं तळाशी बसतं आणि तिथून वरचेवर काढावं लागतं. नाही काढलं तर कॉइलला आतून तेलाचा लेप आणि बाहेरून बर्फाची रजई, असा दुहेरी पाहुणचार. काढायच्या जागी स्प्रिंगचा व्हॉल्व्ह असतो, हात सोडला की आपोआप मिटणारा. हात अवघडतो. म्हणून आपल्याकडचे हुशार लोक तो तारेने बांधून ठेवतात आणि डबा भरेपर्यंत चहाला जातात. तेल संपल्यावर त्याच तोंडातून द्रव अमोनिया येतो. उणे तेहतीस अंशांवर उकळणारा, कातडीला लागला तर गोठवणारा आणि त्याच वेळी भाजणारा. पण चहा गार झालेला कुणाला आवडतो?

इथे मला हसू येत नाही, तरी लेख उपरोधिक असल्यानं पुढे सरकतो. गॅसमास्क एक असावा. तो प्लांटरूमच्या आतच टांगावा, म्हणजे गळती झाल्यावर तो आणायला गळतीतूनच जावं लागेल. कॅनिस्टरवरची मुदतीची तारीख पुसट झाली असेल तर चांगलंच. सेफ्टी व्हॉल्व्ह फुसफुसत असेल तर बदलू नका, त्याच्या खालचा व्हॉल्व्ह बंद करा. आवाज बंद, भानगड बंद. गळती शोधायला गंधकाची कांडी पेटवून जोडाजोडांवरून फिरवतात, गॅस असेल तिथे दाट पांढरा धूर उठतो. पण गंधक आणायला माणूस कशाला पाठवा? वास काय, येतोच की.

भर मेच्या दुपारी हेड फार चढलं तर एचपी कटआउट, म्हणजे जादा दाबावर सुटणारा स्विच, कॉम्प्रेसर बंद पाडतो. दर अर्ध्या तासाला कोण उठणार? वायरमनला सांगा, दोन टोकं जोडून तो "डायरेक्ट" करून देतो. मग काही म्हणजे काही बंद पडत नाही.

एएमसीवाल्याबद्दल, म्हणजे देखभालीचं वार्षिक कंत्राट घेतलेल्याबद्दल, फार लिहीत नाही. तो वर्षातून चारदा येतो, चहा पितो, तुमचा शिक्का घेऊन जातो. त्याला सुखी ठेवा.

राहिलं लॉगबुक, आणि इथे मात्र हयगय नको. विम्याचा माणूस असो, बँकेचा असो, नाहीतर हिरवा बेदाणा काळपट पडला म्हणून भांडायला आलेला शेतकरी असो, सगळे लॉगबुकच मागतात. म्हणून ते नीट भरलेलं असावं. दर तासाला सक्शन (कॉम्प्रेसरकडे परत येणाऱ्या गॅसचा दाब), हेड, चेंबरचं तापमान. रात्रपाळीच्या ऑपरेटरला दहाला जेवण झाल्यावर एकदम सकाळी सहापर्यंतचे आकडे लिहू द्यावेत. अक्षर एक, पेन एक, हेड दुपारी दोनला १८० आणि रात्री दोनलाही १८०, लाइट गेलेल्या तासालाही १८०. आणि रोज कुठे सही करत बसता? एक तारखेला महिन्याच्या सगळ्या पानांवर खाली एकदमच करून टाका.

मग मेमध्ये कधीतरी पहाटे साडेतीनला तुमचा फोन वाजेल. गाडी काढून पोचाल तोवर चार वाजलेले असतील. फाटकाच्या अलीकडूनच डोळे चुरचुरायला लागतील. प्लांट थंड पडलेला, ऑपरेटर तोंडाला ओला टॉवेल बांधून रस्त्यावर उभा. वाऱ्याच्या उलट्या बाजूने ऑफिसात शिराल आणि हाताला पहिलं लॉगबुक लागेल. उघडून बघा. सकाळी सहा वाजता : सक्शन ३०, हेड १८०, चेंबर ४. शेरा : प्लांट ओके. खाली तुमची सही.