प्रेरणा : शंभर शब्दांत

एका सामूहिक प्रदर्शनासाठी माझी दोन मातीची भांडी निवडली गेल्याचे पत्र आले, तेव्हा झालेला आनंद पत्राची मागची बाजू पाहीपर्यंत टिकला. मागे एक चौकोन आखलेला होता आणि त्यावर छापले होते : 'आपली सर्जनप्रक्रिया आणि प्रेरणास्थाने 100 शब्दांत विशद करा.' माती मळून मळून मनगटे दुखवून घेणे मला जमते, भट्टीपाशी रात्र जागवणेही जमते. परंतु त्या चौकोनासमोर चार संध्याकाळी बसूनही माझ्या नावाखेरीज काहीच लिहून झाले नव्हते.

अडचण अशी की मी स्वयंशिक्षित आहे. म्हणजे माझे गुरू आणि शिष्य एकच असून दोघांनाही काही येत नाही. परंपरा नाही, घराणे नाही, चूक झाली तर 'आमच्याकडे असेच करतात' असे म्हणण्याची सोयही नाही. जे काही शिकले ते चित्रफिती पाहून, आणि त्या चित्रफितींतला माणूस मातीचा गोळा चाकाच्या मधोमध आणताना गप्पा मारतो, हसतो आणि वीस सेकंदांत ते काम उरकतो. मला त्या एका कृतीला तीन महिने लागले. गोळा किंचितही मध्यापासून सरकलेला असला, तर चाकाच्या प्रत्येक फेरीला हाताला एक धक्का बसतो. त्या धक्क्याने हात हलला, की माती आणखी सरकते. दोघांपैकी जो आधी हटेल तो हरतो, असा हा साधा नियम आहे, आणि मी स्वभावाने समजूतदार. कोपरे मांड्यांवर रोवायची, हाताऐवजी सगळ्या अंगाचा भार द्यायचा, ही युक्ती कळेपर्यंत भिंतीवरही माझ्या कलेचे ठसे उमटले होते.

'करायला गेलो गणपती आणि झाला मारुती' ही म्हण बहुधा चाकावर बसलेल्या माणसानेच काढली असावी. माझी प्रत्येक कलाकृती फुलदाणी म्हणून सुरू होते. मान काढताना भिंत फार पातळ झाली, की तिचा वाडगा होतो. वाडग्याचा काठ बसला, की बशी होते. आणि बशीही साधली नाही, तर सगळी माती पुन्हा बादलीत जाते. याला सर्जनप्रक्रिया म्हणावे की उतरती भाजणी, हे मला अजून ठरवता आलेले नाही. माझी दहा वर्षांची मुलगी शाळेतून आल्यावर फळीवरच्या भांड्यांकडे पाहून शांतपणे विचारते, "आई, हे काय होणार होतं?" समीक्षकाने यापेक्षा अचूक प्रश्न विचारल्याचे माझ्या ऐकिवात नाही.

चाकावरून सहीसलामत उतरलेले भांडे सुटले, असे मात्र नसते. वाळताना आणि भाजताना माती आकसते. माझी माती सुमारे 12 टक्के आकसते, हे पिशवीवर छापलेले होते. मी ते वाचलेही होते आणि फारसे मनावर घेतले नव्हते. परंतु लांबी, रुंदी आणि उंची या तिन्हींमध्ये 12 टक्के गेले, की भांड्यात मावणारे पाणी जवळजवळ एक तृतीयांशाने घटते. हा हिशेब मला यजमानांनी कागदावर मांडून दाखवला, तोही सहा मोठे मग भट्टीतून बाहेर आल्यानंतर. ते सहाही मग आता औषधाची मात्रा घेण्यासाठी वापरले जातात.

काही भांडी तर भट्टीतच फुटली. पहिले वर्षभर मी याचा दोष मातीत अडकलेल्या हवेला देत राहिले आणि अधिकाधिक त्वेषाने माती मळत राहिले. खरा अपराधी पाणी होते. भांडे वरून वाळलेले दिसले तरी जाड बुडात ओल राहते. 100 अंशांना तिची वाफ झाली, की ती मूळ पाण्याच्या सोळाशेपट जागा मागते, आणि भांडे ती जागा करून देते. म्हणजे माती मळण्यात माझी काही कसूर नव्हती. मला फक्त धीर नव्हता.

रंगांविषयी काय लिहावे? ग्लेझ, म्हणजे भांड्यावर लावून भाजायची काचेसारखी झिलई, हा प्रकार मुळातच बहुरूपी आहे. डब्यातला काळा कोबाल्ट ऑक्साइड भाजल्यावर निळा होतो. मिश्रणात तो एखादा टक्का पुरतो. दशांशचिन्ह एक घर सरकल्यामुळे माझा, मित्रमंडळी ज्याला आदराने 'काळा कालखंड' म्हणतात, तो सुरू झाला. तांब्याची गंमत याहून निराळी आहे. भट्टीत प्राणवायू भरपूर असेल तर ते हिरवे होते आणि प्राणवायू तोडला तर लाल. विजेच्या भट्टीत आपोआप हिरवेच होते, ही माहिती मला सात महिने नव्हती. मी दर खेपेला लालाची वाट पाहत झाकण उघडत असे, कारण चित्रफितीत लाल आला होता.

प्रेरणास्थान म्हणून अखेरीस एकच नाव सुचले. सोळाव्या शतकात फ्रान्समध्ये बर्नार्ड पालिसी नावाचा एक गृहस्थ होता. त्याने एक पांढऱ्या झिलईचा पेला पाहिला आणि ती झिलई कशी करतात, हे कोणाच्याही मदतीविना शोधून काढण्यात कितीतरी वर्षे घालवली. एकदा भट्टी ऐन भरात असताना सरपण संपले, तेव्हा त्याने आधी बागेचे कुंपण, मग घरातली मेजे आणि शेवटी जमिनीच्या फळ्या आत घातल्या. हे त्याने स्वतःच लिहून ठेवले आहे. ही कथा मी जेवताना भारावून सांगितली. यजमानांनी ती पूर्ण ऐकली, खुर्च्या मोजल्या आणि म्हणाले, "आपली भट्टी विजेवर चालते, हे एक बरं आहे."

सरतेशेवटी मी चौकोनात 'मातीशी चाललेला माझा अखंड संवाद' असे सुरू होणारे नेमके शंभर शब्द लिहिले. त्या संवादातली माझी वाक्ये छापण्याजोगी नव्हती, हे तेथे नमूद केले नाही.

निवडलेल्या दोन भांड्यांपैकी एक झाकणाची बरणी होती. झाकण जेथे टेकते, तेथील ग्लेझ भाजण्यापूर्वी पुसून काढायचे असते. ते मी विसरले आणि वितळलेल्या काचेने झाकण बरणीला कायमचे चिकटले. यजमानांनी ओढून पाहिले, मी लाकडी हातोडीने हळूच ठोकून पाहिले, आणि मग मी तिचे नाव 'मौन' ठेवले. प्रदर्शनात एक वयस्कर गृहस्थ तिच्यासमोर बराच वेळ उभे होते. अखेर ते माझ्याजवळ आले आणि हलक्या आवाजात म्हणाले, "झाकण न उघडू देण्याचा निर्णय आपण नेमका कधी घेतलात?"

मी खरे तेच सांगितले. "भट्टी 1,220 अंशांवर असताना."

त्यांनी ते वहीत टिपून घेतले.