किती मार्कांनी हुकलं?

सोलापुरात सात रस्त्याजवळच्या आमच्या कट्ट्यावर श्रीनिवास परवा चार दिवसांनी उगवला. लेकीला अमेरिकेतल्या एका मोठ्या विद्यापीठानं नकार कळवलाय, हे सगळ्यांना ठाऊक होतं. चहा हातात पडायच्या आत मल्लूनं विचारलं, "किती मार्कांनी हुकलं बे?"

"तसं नसतंय तिथं."

"म्हणजे?"

त्या 'म्हणजे'वर अर्धा तास गेला. आपल्याकडं जेईई ॲडव्हान्स्ड दिली की रँक हातात येते. २०२४ ला आयआयटीच्या सगळ्या मिळून १७,७४० जागा होत्या. आपलं घोडं कुठं अडलं ते दिसतं तरी. तिथं मार्कांसोबत निबंध, शिक्षकांची पत्रं, शाळेबाहेरचे उद्योग, सगळं एकत्र वाचतात आणि हो किंवा नाही कळवतात. का नाही, ते सांगत नाहीत. मल्लूला हे पटेचना. त्याच्या मते अर्ध्या मार्कानं हुकलं म्हटलं की माणसाला हळहळता येतं, इथं हळहळायचं कशावर?

सरांनी मोबाइल काढला. "हे हार्वर्डचं बघा. २०२४ च्या प्रवेशाला ५४,००८ अर्ज, घेतले १,९३७. शंभरात चार पण नाहीत. लॉटरी आहे ही! पोरीला सांग, मनाला लावून घेऊ नको."

"आणि लागली असती तर?" बसू म्हणाला. "तर लॉटरी म्हटला असता का सर? चौकात डिजिटल बोर्ड लागला असता, 'जिद्द आणि चिकाटी' म्हणून."

बसूचं आणि माझं सहसा पटत नाही. पण इथं सरांची गाडी अडली, हे खरं. थोडं थांबून ते म्हणाले, "चाळणीतून खाली आलेलं सगळंच चांगलं असतं रे. पोतं लहान पडतं."

श्रीनिवास इतका वेळ कप फिरवत बसला होता. "पोरगी रडली ती पहाटे साडेचारला, निकाल आला तेव्हा. आठला शेंगाचटणी-भाकरी खाऊन क्लासला गेली. पण आता नव्या पेठेतून जात नाही, लांबून वळसा घालून जाते. तिथल्या चादरवाल्याला मीच सांगून ठेवलंय की, दोन चांगल्या बाजूला काढ, ऑगस्टला अमेरिकेला न्यायच्यात."

कुणी काही बोललं नाही. मल्लूनं भज्यांची ऑर्डर दिली, त्याला दुसरं सुचतही नाही.

आणि योग बघा, भजी यायला आणि तोच चादरवाला स्कूटरवरून थांबायला एकच गाठ. "मालक, चादरी न्यायला कधी येताय? पोरीची तारीख ठरली का?"

श्रीनिवासनं कप कट्ट्यावर ठेवला. "नाही झालं तिथं. नकार आला." मग जरा मोठ्यानं, "चादरी उद्या नेतो. घरात लागतातच की."

"अरेरे," तो म्हणाला. "किती मार्कां..."

बसूनं गरम भजं त्याच्या हातात कोंबलं.